पन्नास वाव

माहिती अधिकारात उत्तर आलं :
सदर किनारी तीनशे चाळीस मीटर बंधारा,
काम समाधानकारक, देयक अदा.

द्वारका मेतरनं रापणीची दोरी काढली,
वावांनी मोजत निघाली.
पन्नास वाव दगड.
पुढे सुरूची उघडी मुळं
आणि तिच्याच न्हाणीची अर्धी भिंत.

चिरेखाण आमदारांच्या मेव्हण्याची,
डंपर भाच्याचे,
'पारदर्शक कारभार' छापलेलं कॅलेंडर
घरोघर. माझ्याही.
पोरगा माझा त्यांच्याच चिठ्ठीवर
एसटी डेपोत चिकटला.

म्हणून दोरीचं दुसरं टोक धरताना
मी तोंड समुद्राकडे केलं होतं,
रस्त्यावरनं कोण जातंय
ते दिसू नये असं.

'किती झाले रे?'
मी आकडा पुटपुटलो.

'मोठ्यान सांग मेल्या,' ती म्हणाली,
'भरती इली.'