खजिनदार

विस्कॉन्सिनमध्ये एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी मतदान,
आणि तळ्यावरचा बर्फ अजून हललेला नाही.
जमीन इतकी गोठलेली
की पाटी रोवण्याआधी पहारीनं भोक पाडावं लागायचं.
'न्यायाधीश लेनोर हॉगस्टाड. निःपक्ष.'
माझ्या बायकोचं नाव, निळ्यावर पांढरं.

मी खजिनदार. म्हणजे
जेवणाची ताटं सरकवून टेबलावर चेक लावणारा.
रूथ व्हँडेहाय, दहा डॉलर,
सोबत काकडीच्या लोणच्याची बरणी, झाकणाला लाल रंग.
शाळेची बस चालवणारा कोणी, पंचवीस.
मग ते लांब पाकीट:
कागद कारखान्याचे अकरा वकील, अकरा चेक,
सगळे कायद्यात बसणारे,
सगळे एकाच पेनानं लिहिलेले.

चाळीस वर्षं मी चीजच्या कारखान्यात दूध तपासलं.
कॅनचं झाकण उघडलं की सांगायचो, पाणी किती.
शेतकरी शिव्या घालायचे,
पण दुसऱ्यांदा मोजा म्हणायचे नाहीत.
पैसा तसा नासत नाही. त्याला वास येत नाही.

"मला नावं सांगू नकोस," लेनोर म्हणाली.
नाही सांगितली.
पण त्या आठवड्यात पाट्या दुप्पट झाल्या,
रेडिओवर दर तासाला ती.
तिला बेरीज येते.

ऑक्टोबरात विहिरींचा खटला आला.
बाजूला हो, असं कुठलाच नियम तिला सांगत नव्हता.
मी मागच्या बाकावर.
पा कू शिओंग उभी राहून मुलाच्या अंगावरच्या चट्ट्यांबद्दल बोलली.
मग रूथनं पुराव्याच्या टेबलावर बरणी ठेवली,
आत पिवळसर पाणी.
झाकण मी ओळखलं.

दावा फेटाळला. मुदत टळली होती.
नंतर मी स्वतः कलम काढून वाचलं, दोनदा.
निकाल बरोबर आहे.
बरोबर असावा.

पेट्रोल पंपावर कोणी तोंडावर काही बोलत नाही,
पण कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं सगळ्यांना ठाऊक.
रात्री ती अंधारात विचारते,
"ते चेक नसते, तरी मी हेच लिहिलं असतं ना?"
माझ्याकडे त्याचं मापक नाही.
मी म्हणतो, झोप.

पुढची निवडणूक सहा वर्षांनी.
पाट्या गॅरेजमध्ये भिंतीला लावून ठेवल्या होत्या,
अक्षरं बाहेर.
काल पाहिलं, तर प्रत्येक पाटी भिंतीकडे तोंड करून.
घरात आम्ही दोघंच राहतो.