बोटभर कमी

टिपणीस साहेब वही घेऊनच आले.
तारीख, किलोमीटर, आणि टाकीवरच्या
मार्करच्या रेघेपासून पाणी खाली किती बोटं.
आठवड्याला पाऊण लिटर, वर्षभर.
जमिनीवर थेंब नाही.
सोसायटीत गाडीखाली पुठ्ठे अंथरून पाहिले होते,
ते पुठ्ठेही डिकीतून काढून दाखवले,
कोरडे ठाक, घड्या घातलेले.

'तीन गॅरेजं झाली. एकाने झाकण बदललं,
दुसऱ्याने पाइप. तिसरा म्हणाला, ओतत राहा,
जुनी डिझेल गाडी, पिणारच.'
मी म्हटलं, डिझेल प्यायली तर भूक.
पाणी प्यायली तर दुखणं.

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस. माझा गाळा पत्र्याचा,
दुपारी तीनला तोच एक इंजिन होतो.
ऑइलचं झाकण उघडलं. दुधाळ फेस नाही.
टाकीत बुडबुडे नाहीत.
वॉटर पंपाच्या छिद्राखाली अलीमने
टिश्यूचा कागद धरला, कागद तसाच.
राहिला हीटर. तो फुटला की पाणी आत येतं,
डाव्या सीटच्या पायाशी, गालिच्याखाली.
मी कोपरापर्यंत हात घातला.
वाळू. टोलची एक पावती.
आणि गाडी लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांची पट्टी,
दोन शिल्लक.
बाकीच्या कचऱ्याबरोबर मी ती बॉनेटवर ठेवली.
त्यांनी उचलली, उलटून तारीख वाचली,
वहीत ठेवली, आजच्या पानात.
'तिकडे आता कुणी बसत नाही,' एवढंच म्हणाले.
मी पाना शोधायला लागलो. पाना हातातच होता.

संध्याकाळी टाकीला पंप लावून काटा एकावर आणला
आणि शटर ओढलं.
सकाळी काटा एकावर.
अलीम म्हणाला, गळत नाही.
साहेब म्हणाले, मग जातं कुठे?
दोघंही खरंच बोलत होते.

थंड असताना ही काही कबूल करायची नाही.
ताप चढू द्यायला हवा.

घोडबंदर रोडला निघालो. गायमुखच्या चढाला
पुढे कंटेनर, दुसरा गिअर, एसी चालू.
साहेब पाटबंधाऱ्यात होते. म्हणाले,
'कालव्यात सोडलेलं पाणी आणि शेवटाला पोचलेलं,
यांचा मेळ कधी बसला नाही.
तुटीसाठी एक रकाना असायचा:
बाष्पीभवन व इतर.
इतरमध्ये काय वाट्टेल ते मावायचं हो.'
वर पोचलो तेव्हा आरशात पांढरं काहीतरी
रेंगाळत होतं मागे. काच खाली केली.
धुराला गोडसर वास,
पाक करपावा तसा.

परत येऊन ईजीआरचा कूलर उतरवला.
आतून धूर, बाहेरून पाणी, मध्ये एक पातळ पत्रा.
पत्र्याला चीर, केसाएवढी.
तापली की उघडते. निवली की मिटते,
जशी काही झालंच नाही.

'म्हणजे गळत नव्हतं,' साहेब म्हणाले, 'उडत होतं.'
'हो. तुमच्याच मागून.'
त्यांनी वहीत बेरीज केली. एकोणचाळीस लिटर.
आकड्याखाली दोन रेघा मारल्या,
बिल न वाचताच पैसे दिले,
आणि तो फुटका कूलर मागून घेतला.
अलीमने पेपरात गुंडाळून दिला, तर त्यांनी
मागे नाही, डाव्या सीटवर ठेवला.
बेल्टची घंटी वाजायला लागली. वाजू दिली.

महिन्याने पुन्हा दारात उभे.
मी धावत गेलो, बॉनेट उघडलं.
पाणी रेघेवर, नखभरही खाली नाही.
तिघं वाकून बघत राहिलो जरा वेळ.
'काय झालं, साहेब?'
'काही नाही. वायपर आवाज करतो का बघ.'
फेब्रुवारी होता.
मी अलीमला चहा सांगायला पाठवलं
आणि वायपर काढून बघितला, नीट,
दोन्ही बाजूंचा.