पंच क्रमांक दोन

जतच्या बाजारात माझं पाल चिंचेखाली.
स्टोव्हची पिन, कुकरची शिट्टी, छत्रीची काडी,
मोडलेलं काहीही.
समोर तो यायचा, शद्रक आवळे,
सायकलला बाजाची पेटी बांधून,
मागं रत्नमाला, पिशवीत झांज.

मुद्दाम नव्हे, पण नेमका तेव्हाच
मी स्टोव्हला हवा मारून बघायचो.
त्याचं शुभवर्तमान नि माझा बर्नर
एकदमच फुरफुरायचे.
गिऱ्हाईक हसायचं. तोही हसायचा.
ऐकायला कोण, तर दोन कानडी म्हाताऱ्या
आणि शेळी विकायला आलेला एक, शेळीसकट.

परवानगी कुठं मिळते विचारायला तो तीनदा गेला,
तिघांनी तीन टेबलं दाखवली.
मग जीप आली.
जमावबंदीचा कागद म्हणे लागला होता
कचेरीच्या मागच्या फळ्यावर.
पेटी जप्त. लाल पुठ्ठ्याच्या पुस्तिका बत्तीस.
झांज, एक जोड.
"ए स्टोव्हवाल्या, चल, पंच हो."

सातवी झालोय, वाचता येतं.
लिहिलं होतं : माझ्यासमक्ष आमिष दाखवले.
म्हटलं, साहेब, आमिष म्हणजे नेमकं काय?
म्हणाले, दिलं असेल की काहीतरी.

दिलं होतं.
मेच्या उन्हात तांब्याभर पाणी.
पोरगी अडली तेव्हा मिरजेला न्यायला
बाराशे रुपये, उसने.
दोन हप्ते फेडले, तिसरा राहिलाय.
बिरोबा अजून माझ्याच डब्यात आहे,
पिनांच्या पुडीशेजारी, भंडारा लागलेला.

एकदा विचारलं होतं त्यानं, येतोस का उपासनेला?
मी नको म्हटलं.
त्यानं चहा सांगितला, दोन कट.
डाळिंबवाला दिवसभर हाका मारतो,
कुणी थांबतं, कुणी नाक मुरडून जातं.
बाजार म्हणजे दुसरं काय असतं?

हे सगळं पंचनाम्यात बसलं नसतं.
जागा दोनच ओळींची होती.
सही केली.
पाल उठवलं असतं, अजून काय सांगू.

पुढच्या बाजाराला साडेअकराला
मी हवा मारली, काडी ओढली नाही.
दोन्ही म्हाताऱ्या येऊन बसल्या होत्या,
समोरच्या मोकळ्या जागेकडं तोंड करून.
कानडीत विचारलं, आज नाही आला?

मी पंपाचा वॉशर काढला. चांगला होता.
पुन्हा बसवला.
हप्ता वरच्या खिशात होता.