घासलेला दात

करारात होतं, हा डबा उघडायचा नाही.
सील शिशाचं, अक्षरं जर्मन.

उत्तरायणाला सगळं बडोदं छपरांवर,
मकरपुऱ्याच्या शेडमध्ये एकटा पायगुडे फिटर
पान्यावर जोर देत.

आत काय, तर एक गिअर.
बेचाळीस दात. त्यांतला एक
कुणीतरी कानशीनं जरासा घासलेला.
"तिकडंही हातच की," म्हणाला,
आणि मापं वहीत उतरवली, घासण्यासकट.

आता तो गिअर अकरा शेडांत बनतो.
एक्केचाळीस नीट, एक घासून.
तसंच असतं म्हणे.

परवा आयटीआयची हेतल कानस धरून थांबली.
"हाच का घासायचा?"

पायगुडे गेला. वही कपाटात.
कपाटाला कुलूप, किल्ली मालकांकडे.

हेतल पान्याकडे बघते आहे.