दर गुरुवारी, टूसॉन

आधी नळीत पाणी भरून घ्यायचं,
शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत;
हवा राहिली की पंप नुसता खोकतो.
मग दांडा तळाशी, आणि हात
आजाऱ्याला कुशीवर वळवावं तसा, सावकाश.
घाई केली तर गाळ उठतो
आणि तासभर तरंगत बसतो, आपली गंमत बघत.

मेस्किटच्या शेंगा. एक विंचू, मऊ पडलेला.
बोगनवेल, शेजारच्यांची.
टोपलीत या आठवड्यात एवढंच.

मिसेस हॅलोरन पोहत नाहीत.
उथळ बाजूला, काठाच्या निळ्या फरशीवर
वीतभर तेलकट पट्टा आहे.
त्यांचा ऑर्विल तिथे कोपरं टेकून पेपर वाचायचा,
अंगभर सनस्क्रीन चोपडून.
"तेवढं राहू दे, एवारिस्तो."
ब्रश तिथवर नेतो, उचलतो, पलीकडे टेकवतो.

पण क्लोरीनला कोण सांगणार?
मार्चपासून पट्टा विरत चाललाय.

आज त्या आत होत्या, फोनवर.
मी खिशातली माझीच ट्यूब काढली,
स्वस्तातली, नारळाच्या वासाची.
बोटभर लावली. मग थोडी पुसली,
जुनी दिसावी म्हणून.

बिलावर लिहिलं :
व्हॅक्यूम, टोपली, क्लोरीन.