डावखुरी भिंत

लुइस्टनमध्ये, कालव्यामागच्या गल्लीत,
तिसऱ्या मजल्यावरची एक खोली पाडायची आहे.
मालकीणबाई म्हणाल्या, सगळं काढा, मला सपाट हवंय.
मी मान डोलावली, तोंडाला फडकं बांधलं,
पहार घातली.

जुनी भिंत एकदम पडत नाही.
आधी कागद सुटतो: निळी फुलं, त्याखाली तपकिरी पट्टे,
त्याखाली जहाजं. कुणाचं तरी मूल निजत असणार इथे.
मग बोटभर जाडीचा चुना, टणक, थंड,
बशा फुटल्यासारख्या ढलप्या पडतात.
ढलप्यांत केस असतात. घोड्याचे, नाहीतर गाईचे.
पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी किंचाळले होते.
आता अठरा वर्षं झाली. नुसती शिंकते.

केसांमागे फळ्यांच्या चिपा, आडव्या, एकीखाली एक,
मध्ये पेन्सिलीएवढी फट.
त्या फटींपाशी मी अजून थांबते, तासाचे पैसे चालू असले तरी.
ओला गिलावा दाबून मारला की थोडा पलीकडे जायचा,
अंधारात ओघळायचा, वाकायचा,
आणि वाकलेलाच सुकायचा.
पुढची बाजू घोटून घोटून आरसा,
मागची कुणी पाहिलीच नाही:
लोंबणारी बोटं, फळीला धरून बसलेली.
भिंत उभी होती ती या बोटांवर.

आमच्या घरात गिलावा करणारा एकच,
वडिलांचे काका, तेलेस्फोर पेल्शा.
चुना मुरून दह्यासारखा झाल्याशिवाय हात लावायचे नाहीत.
पहिला थर ओरखडायचा, दुसरा भरायचा, तिसरा घोटायचा,
आणि मधे वाट पाहायची.
वाट पाहण्याचेही पैसे धरलेले असत तेव्हा.

लढाई संपली. पोरं परतली, लग्नं केली,
त्यांना घरं हवी होती, कालच.
ट्रकमधून कागदात गुंडाळलेला जिप्सम आला,
आठ फूट लांब, चार फूट रुंद,
आणि काकांची तीन आठवड्यांची खोली
दोन माणसं दोन दिवसांत उभी करू लागली.
काका म्हणाले, हे तर वहीचं पुठ्ठं.
पुढच्या वसंतात त्यांनीही खिळ्यांची पिशवी कमरेला बांधली.
घरात पाच मुलं होती.

मी शिकले ते पुठ्ठ्यावरच.
स्क्रू, पट्टी, पुट्टी, घासकागद.
मला त्याची लाज नाही, सरळ असतं, स्वस्त असतं,
आमच्या गल्लीतल्या माणसांना परवडतं.
फक्त पलीकडची बाई खोकली
की आपण पाणी घेऊन उठावं, इतकं पातळ.
भिंतींना कान असतात म्हणतात.
जुन्या ठार बहिऱ्या होत्या.

दुपारी कपाटाच्या आत शिरले.
तिथे कोण घोटत बसणार, तिथे थापीचे फटकारे तसेच होते,
आणि खिडकीतलं ऊन आडवं येऊन त्यांच्यावर पडलं.
कमानी उलट्या होत्या.
सगळ्या. उजवीकडून डावीकडे.

शाळेत नन्सनी काकांचा डावा हात
बाकाला बांधून ठेवला होता, वर्षभर.
अक्षर उजव्या हाताने आलं.
बाकी काही आलं नाही त्या हाताने.

रोझेरला हाक मारली. तो बादली घेऊन आला,
बघितलं, म्हणाला, डावखुरे काय एकटे तुझे काका होते?
खरंच आहे. गिरण्यांच्या गावात
हात काय कमी होते.
नाव कुठे नाही. एका खांबावर पेन्सिलीने बेरीज आहे,
तीही चुकलेली.

थोडं थांबून मीच पहार मारली.
साडेचारला बोर्ड येणार होते.

एक ढेकूळ ठेवलं, तीन बोटं असलेलं, डब्यात,
पावाच्या कागदाखाली.
घरी येऊन डबा दोनदा घासला.
चुन्याचा वास आहे अजून.
उद्याच्या पावाला लागेल.