कोपऱ्यातली ऊब

खांब पुरायच्या आधी तिया एतेल्विनाने विचारलं,
"वारा कुठून येतो?"
मी समुद्राकडे बोट केलं.
"तो दुपारचा. पहाटेचा?"
मला सांगता येईना.
सहा वर्षं मी अशा देशात होतो
जिथे वारा छताखालच्या पांढऱ्या पेटीतून येतो
आणि पहाट म्हणजे भोंगा.

तिथे मी डुकरं कापायचो.
डुकरं तरी कसली, खांदे. डावे खांदे.
साखळीवरून यायचे, निळा शिक्का मारलेले,
बर्फासारखे गार.
जिवंत डुक्कर तिथे एकदाही पाहिलं नाही.
हे ऐकून तिया हसली नाही.
"मग शिकलास काय?" म्हणाली,
आणि पहार माझ्या हातात दिली.

खोपट पूर्व-पश्चिम लांब,
उन्हाला अंग कमी द्यायचं.
ताडाच्या झावळ्या दुहेरी, पाखी खाली ओढलेली,
भिंती मांडीइतक्याच, वर सगळं मोकळं.
पत्रा नको. जुस्तिनोने घातला होता पत्रा,
नोव्हेंबरात त्याची डुकरीण
तोंड उघडं ठेवूनच गेली.
"डुकराला घाम नाही रे. आतली आग आतच.
म्हणून बिचारं चिखल शोधतं,
आणि लोक त्यालाच नावं ठेवतात."

व्याली ती पावसाच्या रात्री. नऊ.
आई धापा टाकत ओल्या जमिनीला पोट लावून,
आणि पिल्लं, त्याच हवेत, थरथरत
एकमेकांच्या अंगावर चढलेली.
मला कळेना, कुणाचं ऐकायचं?
पंखा घालू की शेकोटी?

तियाने कोपऱ्यात बांबू आडवा बांधला,
जमिनीपासून वीतभर वर:
आई मागे यायची नाही, पिल्लं खालून सरकतील.
आत वाळलं गवत, फाटकं पोतं,
वर राखेत झाकलेल्या निखाऱ्यांचं मडकं टांगलं,
आणि आईच्या पाठीवर नारळाच्या करवंटीने पाणी,
थोडं थोडं.
एकाच छपराखाली दोन ऋतू
आणि मध्ये एक बांबू.

नववं पिल्लू, शेंडेफळ, मूठभर.
त्याला सड सापडेना, दांडगे त्याला ढकलून देत.
मी शर्टाच्या आत घेतलं,
बोटावर आईचा चीक पिळून चाटवला.
पहाटे कधीतरी डोळा लागला,
जाग आली तेव्हा पाठीला गार झुळूक,
डोंगराकडून.

पुढचं सगळं पातेल्याचं काम.
रताळी उकडून कुस्करायची, साल ठेवायची.
कसावा नीट शिजवायचा, कच्चा कधीच नाही.
तांदळाचा कोंडा, खोबऱ्याचा चोथा,
मासळी धुतलेलं पाणी उकळून.
सुबाभळीचा पाला वाळवून, चिमटीनेच,
जास्त झाला तर केस गळतात.
केळीचा खुंट चिरून टाकायचा तो पोट भरायला,
"पण पोट भरलं म्हणजे वाढ झाली
असं समजू नकोस," इति तिया.
ऊन चढायच्या आत एकदा, उतरल्यावर एकदा.
भर दुपारी कुणी खात नाही, मीसुद्धा.

दूध तुटलं तेव्हा दोन रात्री नुसता आकांत.
तिया म्हणाली, रडू दे,
मी तरी पोत्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

मोठी दोन एर्मेलिंडाबरोबर जातील,
लग्नात आमच्याकडून डुकरं आणि विणलेलं कापड,
त्यांच्याकडून रेडा. असाच रिवाज.
एक मामाच्या वर्षश्राद्धाला.
बाकीच्यांचा हिशेब तिया बोटांवर करते
आणि मला सांगत नाही.

काल त्या नवव्याला खाजवत होतो.
हात आपोआप एका जागी थांबला.
डावा खांदा. सुरी नेमकी जिथून घालायची,
ती खाच माझ्या बोटांना पाठ आहे.
तिथे काहीतरी धडधडत होतं.
ते अंगावर रेलून उभंच राहिलं,
चिखल माझ्या मांडीला पुसत.

कोंडा संपत आलाय. उद्या गिरणीत जायला हवं.